शॉकमामाच्या जास्तीच्या गोळ्या

माझ्या मामाला सगळे शॉकमामा म्हणतात. एकतीस वर्षं वायरमन, आणि झटके इतके खाल्लेत की म्हणतो, "आता करंटच मला घाबरतो!" कुठलाही बोर्ड उघडला की आधीच्या वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय शिडीवरून उतरत नाही.

आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तरी दीड वर्षापूर्वी त्याच्या फुफ्फुसात कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई नाकातून बोलतात. "असं बघा काका, पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं एक बटण असतं. तुमचं चालूवरच अडकलंय."

"बेल अडकते तसं? दिवसभर ट्रिंग?"

"अगदी. ही गोळी ते बंद धरून ठेवते. रोज एक."

गाठ लिंबाएवढी होती, ती वाटाण्याएवढी झाली. मामा परत शिडीवर. चौदा महिने मजेत गेले आणि खोकला परत आला. मामाने कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्वतःच निदान केलं: लोड वाढलाय, तार जाड करा! गुपचूप रोज दोन गोळ्या सुरू. हाच माणूस कुणाच्या फ्यूजमध्ये जाड तार दिसली की किंचाळतो, "घर जाळायचंय का, शहाण्या?"

खोकला जागच्या जागी. पोट मात्र बिघडलं आणि तोंडभर फोड आले, माझ्या मुरुमांना लाजवतील असे. मी आरसा पुढे केला तर मारायला धावला, पण अर्ध्यातून वळून संडासात पळाला.

मामीच्या हाती पाकीट लागलं. "अहो, महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या? उंदरांनाही कॅन्सर झालाय का?"

तिने दंडाला धरून दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये गाठ पुन्हा लिंबाच्या वाटेवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या वाढवून काही व्हायचं नाही. एक तर बटणाचा आकार बदललाय आणि गोळी घसरतेय, नाहीतर बटण बंदच आहे, पण पेशींनी दुसऱ्या लाइनवरून चोरीचा आकडा टाकलाय. सुईने तुकडा काढून तपासावा लागेल."

"सुईबिई नको. अंदाजाने द्या काहीतरी."

"चुकीचं दिलं तर हातात आहेत तेही महिने जातील. तुम्ही टेस्टर न लावता तारेला हात घालता का?"

मामी म्हणाली, "घालतात ना! उगाच नाव पडलंय का?"

मामाने सही केली. सुईच्या वेळी एवढा ओरडला की बाहेर रांगेतले दोघं उठून घरी गेले. मग बारा दिवस त्याने आमच्या घरातली धडधाकट बटणं उघडून परत बसवली.

रिपोर्ट आला. आकडाच होता, आणि त्या लाइनसाठीही वेगळी गोळी होती. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून नव्या गोळीचं पहिलं पाकीट काढून दिलं. "ही रोज एक. जुनीही रोज एकच."

"जुनी कशाला? ती तर हरली."

"ती बंद केली तर बटण परत बोंबलेल."

मामाने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "आणि उद्या तिसरीकडून आकडा टाकला तर?"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच नाकातून बोलल्या नाहीत. "टाकतील बहुतेक. कधी, ते नाही सांगता येत."

"लबाड आहेत साले," मामा म्हणाला. पाकीट तिथेच फोडलं, टेबलावरची बाटली उचलली आणि गटागटा पाणी प्यायला.

"अहो काका, ती माझी बाटली!"