अकरावा रुपया

ऑनलाइन जुनी नाणी घेताना फसायचं कसं नाही, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. गर्वाने बोलते आहे, मला ठाऊक आहे. गणित शिकवणाऱ्या बाईत थोडा गर्व असावाच लागतो, नाहीतर नववीची पोरं वर्गात टिकू देत नाहीत. फोनवरच्या आमच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपमध्ये मला सगळे मॅडम म्हणतात, आणि नवखा कुणी पैसे पाठवून बसला की रडत माझ्याकडेच येतो. मी त्याला आधी दोन शब्द सुनावते, मग सांगते: बाबा, पार्सल फोडताना व्हिडिओ काढत जा. आणि पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. हे भिंतीवर लिहून ठेव.

पण या ग्रुपमध्ये माझी एक गोष्ट सगळ्यांना हसायला पुरते. बाकीचे लोक कोरा, धारदार, चकचकीत रुपया शोधतात. मी राजाचं मुंडकं असलेला चांदीचा तोच जुना रुपया शोधते, पण ज्याच्या वरच्या काठावर कडी जोडल्याची खूण आहे असा. म्हणजे कधीतरी कुणा बाईच्या गळ्यात राहून आलेला. असलं नाणं खरा शौकीन हातात धरत नाही, त्यामुळे मला ते जरा स्वस्तही पडतं.

कारण साधं आहे. आम्ही बाभुळगाव तालुक्यातल्या तांड्यावरची बंजारा माणसं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, आता आम्ही कापूस आणि तूर पेरतो. आईला आम्ही याडी म्हणतो. तिच्याकडे तिच्या सासूने घातलेली चांदीच्या रुपयांची माळ होती. मी बी.एड.ला लागले तेव्हा तिने त्यातले अकरा रुपये बाभुळगावच्या सोनाराला विकले आणि घरी येऊन उरलेली माळ निमूट गळ्यात घातली. दोरा तेवढाच लांब, मधे मोकळ्या जागा. त्या जागांकडे पाहत मी नोकरी केली. गेल्या काही वर्षांत दहा भरून काढल्या. अकरावा राहिला होता, आणि भावाच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. पूर्ण माळ आई तिच्या गळ्यात घालणार होती.

मी यवतमाळला राहते, पण पार्सलं तांड्यावर मागवायची. पत्ता आईचा, नंबर आईच्या साध्या फोनचा, कारण डबी उघडायचा मान तिचा. अकराव्या रुपयासाठी मी ग्रुपवर तीनतीनदा लिहिलं होतं: कडीची खूण हवी, कशासाठी हवी, सगळं सविस्तर. एका विक्रेत्याने लगेच फोटो पाठवला. ताई, तुमच्यासाठीच जपून ठेवला होता म्हणाला. साडेतीन हजार पाठवले.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी पार्सल आलं तेव्हा मी तांड्यावरच होते. व्हिडिओ सुरू केला, आईने डबी उघडली, रुपया अंगठ्याने दोन्ही बाजूंनी चोळला आणि मला परत दिला.

"हा कोणाच्याच गळ्यात राह्यला नाई," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. माळ वर्षानुवर्षं घातली की रुपयाची आतली बाजू चोळीवरच्या भरतकामाला आणि आरशांना घासून गुळगुळीत होते, राजाची बाजू मात्र शाबूत राहते. याच्या दोन्ही बाजू सारख्याच खडबडीत होत्या. मी पिशवीतला छोटा काटा काढून वजन केलं, तर तोळाभर भरायला हवा तो रुपया चांगला दीड ग्रॅम कमी भरला. नाणं बनावट होतं आणि कडीची खूण त्यावर मुद्दाम करून दिली होती. लोक मालातला दोष लपवतात, या पठ्ठ्याने दोष बनवून दिला. राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर त्याच्या मेहनतीचं थोडं कौतुकही वाटलं.

मी त्याला व्हिडिओ पाठवला आणि थेट पैसे परत मागितले. तो भांडला नाही, तिथेच माझे कान टवकारले. आधी त्याने एक चौकोनी कोड पाठवला, स्कॅन करा, पैसे येतील. मी म्हटलं, ज्या नंबरवरून तुला आले त्याच नंबरवर पाठव, स्कॅनबिन मी करत नाही. दहा मिनिटांनी मेसेज आला की माझ्या खात्यात पस्तीस हजार जमा झाले. मागोमाग फोन. ताई, घाईत एक शून्य जास्त पडलं हो, वरचे पैसे लगेच परत करा, बायको दवाखान्यात आहे. मेसेज बँकेचा नव्हताच, कुणाच्या तरी साध्या मोबाइल नंबरवरून आला होता. खातं उघडून पाहिलं, तर छदामही आला नव्हता. मी त्याला वऱ्हाडीत, हिंदीत आणि शेवटी आमच्या गोरबोलीत जे काही सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तेव्हा अंगावर चार मुठी मांस चढल्यासारखं वाटत होतं.

आई बाजेवर बसून ऐकत होती. कोण होता, तिने विचारलं. मी बॅग भरत होते, शेवटची गाडी गाठायची होती, आणि डोक्यात विजय होता. मी हसत म्हटलं, "त्याचे पैसे आले म्हणे माह्याकडं. आता बसू दे बोंबलत, म्या कायले देतो?" एवढं बोलून मी निघाले.

आता आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. बैलांवर माल वाहायचे त्या काळात मुक्कामावर गोण्या एकमेकांत मिसळत. दुसऱ्याची गोणी चुकून आपल्या बैलावर आली, तर पुढचा मुक्काम लागायच्या आत ती परत पोचवायची. मालकाने मागायची वाट पाहायची नाही. पोचवता आली नाही तर तेवढ्या किमतीचं आपलं काहीतरी द्यायचं. बैल गेले, गोण्या गेल्या, पण आईच्या अंगातून ही रीत गेली नाही. दुकानदाराने सुटे जास्त दिले तर ती उन्हात परत जाते.

सोमवारी शाळेत परीक्षा होती. आमचे फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद. दुपारी बाहेर आले तर वहिनीचे सहा मिस्ड कॉल. ती घाबरी झाली होती. सकाळपासून कुणीतरी माणूस आईच्या फोनवर सारखा फोन करतो आहे, आई रात्रभर झोपली नाही, आणि आता माळ फडक्यात बांधून ऑटोने बाभुळगावला गेली, कुणाला काही सांगितलं नाही. मला सगळं एका क्षणात कळलं. पार्सलवरचा नंबर त्याच्याकडे होताच. माझ्यासमोर डाळ शिजली नाही, म्हणून त्याने दुसरी चूल शोधली.

आईला फोन लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. त्याने तिला फोन ठेवू नका असं बजावलं असणार. मुख्याध्यापकांना दोन वाक्यांत सांगून मी स्कूटर काढली. आधी बँकेच्या दारातल्या यंत्रात पासबुक भरून घेतलं, कारण फोनच्या काचेवरच्या आकड्यांवर आई विश्वास ठेवत नाही. मग बाभुळगावचा रस्ता धरला. ऊन असं होतं की हँडल हाताला चटके देत होतं. चांदीचा भाव मी पाठ म्हणू शकते, पण त्या रस्त्यावर मला फक्त आईचा मोकळा गळा दिसत होता. मी मनातून खूप घाबरले होते.

सोनाराच्या गादीच्या कडेला ती बसली होती, कानाला फोन. माळ काट्याच्या पारड्यात. सोनाराने मला पाहून मोठा सुस्कारा सोडला. नंतर त्याने सांगितलं की दर दोन मिनिटांनी पलीकडचा माणूस झालं का, झालं का विचारत होता, म्हणून त्याला संशय आला आणि तो मुद्दाम तीनतीनदा वजन करत बसला. मी आईच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

मी भराभर सांगू लागले, हा ठग आहे, पैसे आलेच नाहीत, हे बघ पासबुक. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने पासबुक घेतलं आणि सोनारासमोर ठेवलं.

"तुमी वाचा," ती त्याला म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी फसले असेन म्हणून ती रात्रभर जागी नव्हती. मी दुसऱ्याचे पैसे दाबून ठेवले असं तिला वाटलं होतं, आणि माझं पाप फेडायला ती माळ घेऊन आली होती. कुणी तोंडात मारली असती तर एवढं लागलं नसतं.

सोनाराने चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं. "मावशी, काहीच आलं नाई. उलट मॅडमचेच साडेतीन हजार गेले."

"बराबर पाहा."

त्याने पुन्हा पाहिलं आणि तेच सांगितलं. आईने पारड्यातून माळ उचलली, फडक्यात बांधली आणि लोट्यातलं पाणी प्यायली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी मी आवाज मवाळ केला. पैसे तयार आहेत दादा, कुठे पाठवू, सगळं नीट सांगा, म्हातारीला कळत नाही. त्याने उत्साहाने खातं, बँक, नाव सगळं दिलं. मी सोनाराच्याच चिठ्ठीवर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं आणि त्याचे आभार मानले. तिथूनच सायबर पोलिसांच्या मदतीच्या नंबरवर तक्रार दिली, दुसऱ्या दिवशी बँकेत व्हिडिओसकट अर्ज दिला आणि ग्रुपवर सगळं टाकलं. त्याच्याकडून फसलेले आणखी चौघे निघाले, लाजेने गप्प बसले होते. त्यांच्याकडूनही मी तशाच तक्रारी लिहून घेतल्या. ते खातं गोठवलं गेलं. महिना-दीड महिना चकरा मारल्यावर माझे साडेतीन हजार आले. शून्य जास्त नाही, कमी नाही. लग्नात मात्र माळेत एक जागा मोकळीच होती. नवरीला त्याचं काही वाटलं नाही, मला वाटलं.

पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारी मी आईला स्कूटरवर मागे बसवून तांड्यावर सोडायला निघाले. ती माळेचं फडकं पोटाशी धरून बसली होती. शेवटी राहवलं नाही, रस्त्याच्या कडेला निंबाखाली गाडी थांबवली.

"याडी, तुले खरंच वाटलं का, म्या ठेवून घेतले?"

"हो, वाटलं," ती म्हणाली. "तूच तं म्हणून गेली."

"मंग मले एकदा इचारायचं तरी."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"इचारलं असतं अन् तू खोटं बोलली असती, तं मंग मले पैसे बी फेडा लागले असते अन् तुहं खोटं बी. पैसे फेडाले माळ होती. त्या खोट्याले माह्यापाशी काय होतं?"

मी गाडी सुरू केली आणि ती मागे बसून माझा खांदा धरेपर्यंत थांबले.