दीड ओळीचं मराठी

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी प्राचीन ग्रीक शिकायला लागले, तेव्हा नवऱ्याने "डोकं ठिकाणावर आहे ना?" एवढंच विचारलं. नव्हतं, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता. चंडीगडला येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली होती आणि गेली दोन वर्षं आमचं बोलणं गॅस, गीझर आणि मुलीचं कोचिंग यापलीकडे गेलं नव्हतं.

शिकवणाऱ्या मॅडम विद्यापीठातून निवृत्त झालेल्या पंजाबी बाई. दर शनिवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघं बसायचो: मी, एक वकील आणि एक म्हातारे डॉक्टर. पुस्तक एकच, प्रेमावरचा तो जुना संवाद. मेजवानीला जमलेली माणसं त्यात पाळीपाळीने प्रेम म्हणजे काय ते सांगतात. मॅडमचा नियम कडक होता. इंग्रजी अनुवाद कोणीही घोकून येतो, म्हणून वाचलेल्या ओळीचा अर्थ आपापल्या मातृभाषेत सांगायचा. वकील आणि डॉक्टर पंजाबीत सांगायचे आणि मॅडम त्यांना सोलून काढायच्या. मराठी मात्र तिथे कोणालाच येत नव्हतं. माझं बरोबर की चूक, हे त्या माझ्या चेहऱ्यावरून ठरवायच्या.

पहिल्यांदा अडले तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने थालीपिठाची कृती सांगितली. मॅडम म्हणाल्या, "शाबाश." तिथेच मी बिघडले. पुढे अडलं की मी माझंच सांगू लागले. नवरा जेवताना फोनमधून मान कशी वर करत नाही, मी नोकरीच्या लॅबमध्ये काम संपल्यावरही कशी बसून राहते. घरी मराठी कळणारी दोन माणसं होती, पण ऐकणारं कोणी नव्हतं. इथे तिघंही कान देऊन ऐकायचे. ग्रीक ओळ दीड, माझं मराठी पाच मिनिटं. वकील हसायचे, "आपकी मराठी बड़ी लंबी है जी."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी कोणालाच न सांगितलेली गोष्ट तिथे सांगून टाकली. नाशिकच्या नोकरीचं पत्र आलंय. मी हो कळवलंय. एप्रिलमध्ये मी एकटी जाणार आहे, आणि घरी अजून बोललेले नाही. नजर पुस्तकावर ठेवून, मध्ये मध्ये अडखळत, अगदी अर्थ लावल्यासारखं सांगितलं.

"आओ बेटा, अंदर आओ," मॅडम माझ्या मागे बघत म्हणाल्या.

दारात माझी मुलगी उभी होती. सेक्टर ३४ मधल्या कोचिंग क्लासची तिची टेस्ट लवकर संपली होती आणि ती माझ्याबरोबर घरी जायला आली होती. ती उत्तर हिंदीत देते, पण मराठी तिला शब्दन् शब्द कळतं. कधीपासून उभी होती कोण जाणे.

मॅडमना मात्र आनंद झाला. "आज पकड़ी जाओगी," त्या मला म्हणाल्या आणि तिच्याकडे वळल्या. "बेटा, मम्मी ने अभी क्या बोला? हिंदी में बता."

मी मध्ये बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"एक औरत जा रही है," ती म्हणाली. "अप्रैल में. अकेली. घर में किसी को बताया नहीं है."

मॅडमनी चष्मा लावून पान बघितलं. "यहाँ तो कोई नहीं जा रहा."

"मराठी में तो यही था."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा वाचायची सवय त्यांना होतीच. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आज एवढं पुरे म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मी बोलत सुटले. अजून काही पक्कं नाही, पप्पांशी बोलणारच होते, असंच काहीबाही. गाडीपाशी पोचेपर्यंत तिने ऐकून घेतलं.

"पापा वाला मुझे पता था. दिखता है, मम्मी," ती म्हणाली. "लेकिन तुमने सब बोला. जॉब, अप्रैल, घर. उसमें मैं कहाँ थी?"

थाप मारायला मी तोंड उघडलं. तुला नेणारच होते, असं म्हणणार होते. पण ती आता थेट माझ्याकडे बघत होती, आणि मला भयंकर लाज वाटली. पत्राला हो कळवताना मी तिचा विचार केला होता, आणि तरीही हो कळवलं होतं. तेवढं मी तिला सांगितलं.