पाचव्या दिवसाचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सोलापुरातलं आमचं घर विकलं. घेऊन चौदा महिने झाले होते. विकण्याचं कारण शेजारी. शेजाऱ्यांच्या मते कारण मी.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण आणि हौद. बायको शैला तेवीस वर्षं भाड्याच्या जागेत राहिली होती. पहिल्या दिवशी तिने भिंतीत खिळा ठोकला, तोही कुणाला न विचारता! नंतर आठवडाभर ती ठोकतच होती.

गल्लीत पाणी पाचव्या दिवशी यायचं. कधी येईल ते सांगता यायचं नाही. ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला हाक द्यायची, अशी पद्धत. मग सगळे नळाला मोटर लावून पाणी ओढायचे. आमच्या नळातून फक्त हवा यायची. (हवा मात्र जोरात.)

"सायेब, मोटर बसवा की!" शेजारच्या गंगूमावशी म्हणाल्या.

"मावशी, ते बेकायदेशीर आहे."

"व्हय? मग कायदा प्या."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. मी भांडलो नाही. चार ओळींची बातमी केली: गल्लीत अनधिकृत मोटारींचा सुळसुळाट. नाव दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक आलं. गल्लीने दहा मिनिटांत मोटारी लपवल्या. एक पाळण्यात गेली, वर बाळ निजवलं. गंगूमावशींची ज्वारीच्या कोठीत. पथकाला अख्ख्या गल्लीत एकच मोटर सापडली. आमच्या अंगणात, उपड्या टबाखाली!

"ही कुणाची?" मी विचारलं.

"आपली," शैला म्हणाली. "तुम्ही ऑफिसला गेलात की लावायचे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"छापलं असतं तुम्ही."

मोटर गाडीत टाकता टाकता पथकाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बातमी तुमचीच ना? फोन करून विचारलं तुमच्या कचेरीत. छान होती हो!"

त्या दिवसापासून गल्लीतली हाक आमच्या दाराशी आली की थांबायची. आमचं घर ओलांडून पलीकडे पुन्हा सुरू व्हायची. शैला नळाशी पाट टाकून बसू लागली. भाजी तिथेच निवडायची. फाटकासमोर रोज तीन मोटारसायकली उभ्या. उंबऱ्यापुढे खरकटं पाणी.

"मावशी, पाणी इथे टाकू नका," मी म्हणालो.

"का? बातमी करा की. लई पाणी हाय गल्लीत म्हणून!"

संक्रांतीनंतर शैलाने हळदीकुंकू ठेवलं. नव्या घरातलं पहिलंच. घरोघरी जाऊन स्वतः बोलावून आली. वाणाला एकवीस वाट्या आणल्या होत्या. सात वाजता मोजल्या. एकवीस होत्या. आठ वाजता तिने तिळगुळाचं ताट झाकलं आणि अंगावरची नवी साडी घडी घालून ठेवली.

"विकू या," ती म्हणाली.

"थोडं थांबू. लोक विसरतात."

"लोक विसरतील हो. मी नाही विसरणार."

गिऱ्हाईक आलं. शेजार कसा आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी क्रमवार सांगितलं. ते चहा न घेताच गेले. दुसऱ्यांना मी थोडक्यात सांगितलं. ते चहा घेऊन गेले. तिसरे येणार त्या दिवशी शैलाने मला शेंगाचटणी आणायला पाठवलं. चटणी घेऊन येईपर्यंत घर विकलं गेलं होतं.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा गंगूमावशी आल्या. शैलाचा हात धरून म्हणाल्या, "तू ऱ्हा की गं, शैला! सायबालाच धाड तिकडं."

शैला हसली. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी तिने हात सोडवून घेतला नाही.

आता आम्ही पुन्हा भाड्याने राहतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं मालकाने लिहून घेतलं आहे. येऊन तीन महिने झाले. इथल्या शेजाऱ्यांशी मी अजून एक शब्दही बोललेलो नाही. घरातून तशी सूचना आहे.