उंबराखालचा खड्डा

वहिनी गेल्याचा निरोप मला भोरच्या शाळेत, तिसरीच्या वर्गावर असताना मिळाला. उत्रोलीचा एक गडी सायकल मारत आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, चला. वैनी गेल्या." काविळीने आठ दिवसांत नेली. त्याला आता महिना होऊन गेला. तिचे गोडवे गाण्याचं काम गावाने केलंच आहे. दहाव्याला नदीवर इतकी माणसं जमली, की मला, तिच्या सख्ख्या नणंदेला, मागे उभं राहावं लागलं. खरं सांगते, तेव्हासुद्धा मला तिचा हेवाच वाटला.

वहिनी वेल्ह्याकडच्या पासलीची. माझ्याहून वर्षाने लहान, पण दादाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला वन्सं. तिला अक्षरओळख नव्हती. मी फायनल पास, मास्तरीण. तरी शनिवारी घरी गेले, की आई प्रत्येक गोष्टीला म्हणायची, तिला विचारून सांगते. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं माझं तिच्या बाबतीत झालं होतं. वहिनीने केलेलं पिठलंसुद्धा मला अळणी लागायचं, आणि बाकीचे बोटं चाटत असायचे.

आमच्या धुण्याच्या काठावर तेव्हा घाण फार. जत्रेनंतरच्या सोड्याच्या फुटक्या बाटल्या, पत्रावळी, मेलेल्या माणसाच्या गोधड्या, मडक्यांच्या खापऱ्या... आणि दहाव्याला विधवेच्या फोडलेल्या बांगड्यांच्या काचा. पाय कापायचे, पण त्या काचांना हात लावायला कोणी धजत नसे. वहिनीने चुलीपुढचा चिमटा आणला आणि एकेक काच उचलून पाटीत टाकू लागली. बायका कुजबुजल्या, तेव्हा मान वर न करता एवढंच म्हणाली, "काचंला काय ठावं, ती कुनाची हाय?" पुढच्या अमावास्येला चार बायका आल्या, त्यापुढच्या वेळी चौदा. अमावास्येला आमच्याकडे औत धरत नाहीत, म्हणून तो दिवस. मी शाळेत स्वच्छतेचा धडा वर्षानुवर्षं शिकवत होते. माझं ऐकून कोणी एक काडी उचलली नव्हती.

काचा पुरायला बायकांनी खड्डा खणायचं ठरवलं. वहिनीने जागा दाखवली ती उंबराखालची, काठापासून चांगली वर. ती डोंगरातली. तिकडचा ओढा कितीही फुगला तरी आपल्या घळीत राहतो. नदी पसरते, हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. लहानपणी मी त्या उंबराच्या ढोलीत पुराचं गवत अडकलेलं पाहिलं होतं. जुन्या बायकांपैकी कोणाच्या ते लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे... ती सांगेल तिथे खणायचं, अशी सवयच लागली होती त्यांना. मी काठावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. मनात म्हटलं, होऊ दे एकदा फजिती, कळू दे सगळ्यांना शहाणी कोण ते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या तीनेक वर्षं आधीचा तो पावसाळा. श्रावणात नदी उंबरापर्यंत चढली आणि दोन दिवसांनी उतरली, तेव्हा वर्षभराच्या काचा धुण्याच्या काठावर, गाळाखाली पसरल्या होत्या. पूर्वी निदान दिसायच्या. कोणी वहिनीला बोललं नाही, हे माझं आणखी एक दुखणं. ती एकटीच आधी गाळात उतरली आणि टाचेत काच गेली. जखम चिघळली. पुढे ती त्या पायावर जराशी लंगडायची, अखेरपर्यंत.

मी तिचा पाय धूत होते. आईने सांगितलं म्हणून. तेव्हा तिने विचारलं, "वन्सं, पानी उंबरापतुर येतं, ह्ये तुमाला ठावं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बरं. म्या उगाच मनात आनलं." आणि वर मलाच म्हणाली, पाणी गार आहे, हात आखडतील.

नंतरचा खड्डा टेकाडावर झाला. तो अजून आहे. मी भोरात राहिले, सणावाराला जात राहिले, तिच्या लंगडण्याकडे न बघायला शिकले. वाटायचं, तिला काही कळलं नाही.

तेराव्यानंतर निघताना दादाने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. उघडलं तर तो चिमटा. दादा म्हणाला, "आजारपनात तिनं सांगून ठेवलंय. चिमटा वन्संना द्या म्हनली. पानी कुठवर येतं, ते त्यांनाच ठावं हाय."

दादाला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी त्याला सांगितला नाही. एसटीत बसल्यावर मात्र रडू आवरेना... तिने सगळं ओळखलं होतं, आणि इतकी वर्षं मला ताजी भाकरी वाढत राहिली होती. एवढं मोठं मन तिच्याकडे का आणि माझ्याकडे का नाही, याचाही मला हेवाच वाटला.

परवाच्या अमावास्येला मी चिमटा घेऊन उत्रोलीला गेले. बायका जमल्या होत्या. उंबराखाली उभं राहून मी त्यांना ती ढोली दाखवली आणि सगळं सांगितलं. एकीने फक्त माझ्यापुढे पाटी सरकवली. चिमट्याची एक पाती वहिनीच्या अंगठ्याच्या जागी वाकलेली आहे. माझ्या हातात तो नीट बसत नाही. दर दोन काचांमागे एक निसटते, आणि ती मला पुन्हा वाकून उचलावी लागते.