ब्रेकवरचा हात

लेकीला कॉलेजात एक जुना मुका सिनेमा बघून त्यावर लिहून आणायला सांगितलं होतं. सेनगावच्या घरी आम्ही दोघी दुपारी तो मोबाईलवर बघत बसलो. सर्कशीतली एक पोरगी, झुल्यावर खेळणारे दोन जोडीदार, आणि दोघांचाही जीव तिच्यावर. आवाज नाही, नुसते हातवारे, म्हणून मी आधी हसत होते. पण शेवटी एकाने झुला सोडून झेप घेतली आणि समोरच्याने धरायला हात पुढे केलेच नाहीत, तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला.

कारण माझा नवरा विहिरी खोदतो. तो खाली उतरतो, आणि वर क्रेनच्या ब्रेकवर जो बसतो, तो लग्नाआधी मला बघून गेला होता. त्याला मी पसंत होते. वडिलांनी मला दिलं त्याच्या जोडीदाराला. इतकी वर्षं दोघं एका भाकरीतली अर्धी अर्धी खातात. गावाने चेष्टा करून करून नाद सोडला, मीही विसरले होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी डब्याचं निमित्त करून विहिरीवर गेले. नवरा बादलीत उभा राहून वर येत होता. मी ब्रेकवरच्या त्या हाताकडे टक लावून पाहत राहिले. बादली निम्म्यावर आली आणि त्याने ती थांबवली.

"काहून थांबवली?" मी ओरडले.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हळूच म्हणाला, "वैनी, तुमी घरी जा. तुमी हितं उभ्या असल्या की माझं ध्यान ऱ्हात न्हाई."

"काय झालं रे?" विहिरीतून नवऱ्याचा आवाज आला.

"काई न्हाई."

नवऱ्याला तसं अधांतरी सोडून जायचं? पण थांबले तर? डबा ठेवला आणि पाठ फिरवली. बांध ओलांडेपर्यंत मागे पाहायची हिंमत झाली नाही. मशीन पुन्हा धडधडायला लागली तेव्हा मी मटकन खाली बसले.

संध्याकाळी नवरा घरी आला आणि भाजी खारट झाली होती म्हणून कुरकुरला. आता रोज सकाळी तो निघाला की दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी राहते. त्या माणसाच्या मनात वैर असतं तर नवऱ्याला सावध करता आलं असतं. हे कुठल्या तोंडाने सांगू?