ताटातून काढलेला हात

मी भातात हात घातला होता. अम्मीने मनगट धरून तो ताटाबाहेर काढला. सगळ्या पाहुण्यांसमोर.

"तू आत जेव. बाबूला घे."

एवढंच. बोटांना शितं तशीच. आमच्याकडे एका मोठ्या ताटाभोवती सगळं घर जेवायला बसायचं. कामवाल्या बाया आत, चुलीपाशी. मी बाबूला कडेवर घेतलं आणि आतल्या दारात जाऊन उभी राहिले.

साठ सालानंतरची दुबई. पिण्याचं पाणी अजून गाढवावरून यायचं. अम्मी-अब्बा आमच्याच रत्नागिरीकडचे, दुबईच्या खाडीवर व्यापार करणारे. मूल नव्हतं. गावी येऊन त्यांनी माझ्या विधवा आईकडे मला मागितलं. "लेक म्हणून नेतो." आईने डोळे पुसले आणि माझा हात अम्मीच्या हातात दिला.

खोटं कशाला बोलू? माया होती. बोटीत मी ओकून ओकून अर्धी झाले, तेव्हा अम्मीने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सुरमईचे काटे काढून ती तुकडा माझ्यासमोर सरकवायची. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

मग अम्मीला बाबू झाला आणि माझं अंथरूण तिच्या खोलीबाहेर आलं. शिकणं सुटलं. लंगोट, भांडी, पाणी. "माझी लेक"ची मी "गावाकडची पोर" झाले. तरी ताटात जागा होती. ती आहे तोवर मी लेक आहे, असं मी मनाला सांगायचे. वेडीच होते.

त्या दिवशी जेवता जेवता शारजाची पाहुणी म्हणाली, "पोर कामाची हाय गो. आमाला दे."

अम्मी हसली. "ने की. जुम्म्याला पाठवते, इन्शाल्ला."

मी अब्बांकडे पाहिलं. ते भात कालवत राहिले.

मी पुढे झाले. बाबूला अब्बांच्या मांडीवर ठेवलं.

"आईकडून मला लेक म्हणून मागून आणलंत. आता मोलकरीण म्हणून देऊन टाकू नका. नको झाले तर आईकडे सोडा. मी शारजाला जाणार नाही."

अम्मीने थोबाडीत मारली. मी तेच पुन्हा म्हणाले. रडत म्हणाले, पण म्हणाले.

मला बोटीने परत पाठवलं. दारात बघून आईने विचारलं, "काय चुकलं गो तुझं?" गावानेही तेच विचारलं. त्यांचं काय चुकलं, हे कोणी विचारलं नाही. ते दुःख अजून गेलेलं नाही.

अजूनही आखातातून लोक येतात, गरिबाघरची पोर मागतात. लेक म्हणून नेतो, म्हणतात. मी जाऊन पोरीशेजारी बसते. तिचा हात धरते. विचारते, पाहुणे आले तरी ताटात बसवाल? स्वतःचं मूल झाल्यावरही? लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. उत्तर मिळेपर्यंत मी हात सोडत नाही.

"बघू" म्हणाले, तर मुळीच सोडत नाही.