काटा हालस का?

कुणी टीव्ही बंद पडल्याची तक्रार घेऊन आलं, की नाना टीव्हीला हातच लावत नसत. त्याच्या घरी जाऊन आधी भिंतीतल्या प्लगमध्ये स्वतःचा टेबललॅम्प लावून पाहत. तो लागला नाही तर म्हणत, "भाऊ, टीव्ही बरा शे, तुन्हं घर आजारी शे." मग वायर, मग स्विच, मग फ्यूज. क्रम मोडायचा नाही. शिंदखेड्यातलं त्यांचं दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं चाललं ते या क्रमावर.

नाना माझे काका. वडील लवकर गेले, मला वाढवलं नानांनी. थोडं कामही शिकवलं. "फ्यूज देखाले चांगला ऱ्हास, मझारथून गयेल ऱ्हास. डोयावर भरोसा नको, मीटरवर ठेव." मीटरचा काटा हलला तर फ्यूज चांगला, नाही तर आतून जळलेला.

काकू गेल्यावर मी त्यांना जळगावला आणलं. सोबत हत्यारांची पेटी आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आला. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती, ऐकूही कमी येई. टीव्ही ते पाहत नसत, ऐकत. आणि तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. त्या वर्षी माझ्या मुलीची बारावी होती. "नाना, आवाज जरा कमी करा," एवढं म्हणायला माझी जीभ रेटेना. ते अंघोळीला गेले असताना मी टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, चांगला फ्यूज काढला आणि त्यांच्याच पेटीतला एक जळलेला बसवला. परीक्षेपुरतं, असं मनाशी म्हणालो.

टीव्ही लागेना, तेव्हा नानांना हुरूपच आला. पेटी ओढली. लॅम्प लावून त्यावर तळहात धरला, ऊब लागली तशी मान डोलावली. वायर बोटांनी तपासली, मग स्विच. फ्यूज काढून मीटरच्या दोन पिनांमध्ये धरला आणि मला हाक मारली.

"देख बरं भाऊ, काटा हालस का?"

काटा जागचा हलला नव्हता.

"हालस, नाना."

"नीट देख."

"नीटच देखी ऱ्हायनू."

त्यांनी तोच फ्यूज परत बसवला. मग चार दिवस आतला एकेक सांधा चाचपला, अंदाजाने सोल्डरिंगचे डाग दिले, बोटं भाजून घेतली. मुलगी म्हणाली, "राहू द्या ना आजोबा, नवा आणू." पाचव्या दिवशी त्यांनी झाकण लावलं. "मन्हा हात गया रे," एवढंच बोलले.

परीक्षा संपायच्या आत, मी ऑफिसात असताना, टीव्ही आणि पेटी दोन्ही त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. पुढे घरात पंखा बिघडला, मिक्सर अडला. ते खाटेवरून उठले नाहीत. "मिस्तरीले बलाव," म्हणायचे. मिस्तरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. दीड वर्ष आम्ही रोज समोरासमोर बसून जेवलो. सांगायचं एक वाक्य होतं. ते मी घासाबरोबर गिळत राहिलो.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्या टीव्हीमा मन्हं काय चुकनं व्हतं रे?"

"काहीच नही, नाना. सेट जुना व्हता."

"जुना व्हयना म्हनीसन काही बंद पडत नही. काहीतरी व्हतंच."

मी पांघरूण सारखं केलं आणि नर्सला बोलावतो म्हणून बाहेर गेलो. नर्सचं काही काम नव्हतं. व्हरांड्यात बराच वेळ उभा राहिलो. आत आलो तेव्हा नानांना झोप लागली होती. दोन दिवसांनी ते गेले.